धेनुकाकटाचा वाद आणि नवे मत पटविण्याची रीत

मावळच्या प्राचीन इतिहासासंबंधी जी नवी मते आजवर मांडली गेली, त्यांमध्ये दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे धेनुकाकटाविषयीचे मत आमच्या समजुतीने फार महत्त्वाचे आहे. आणि आमच्या मंडळींच्या गळी फारच थोडे उतरलेले असेही तेच होय. त्यांचा 'धेनुकाकट' हा इंग्रजी निबंध मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १९५५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६२ साली 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' ह्या ग्रंथात त्यांनी ह्याच परिसराचा निराळ्या अंगाने परामर्श घेतला. ह्या गोष्टीस साठ-सत्तर वर्षे लोटली. तरी कागद जमविणाऱ्या व लेख वाचणाऱ्या आम्हां लोकांच्या बैठकीत धेनुकाकटाचे नाव निघाले की काही जण आंध्राकडे बोट दाखवितात व उरलेले विषय बदलतात. मत खरे की खोटे हा एक प्रश्न आहे आणि ते पटले का नाही हा दुसरा. प्रस्तुत लेखात पहिल्याचा निकाल थोडक्यात लावून आम्ही दुसऱ्याकडे वळणार आहो; कारण जो नवा पाठ किंवा नवा अर्थ घेऊन पुढे येतो, त्या प्रत्येकास ह्या दुसऱ्या प्रश्नाशी गाठ घालावीच लागते.

प्रथम वस्तुस्थिती. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर व मुखभिंतीवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांपैकी बहुतेकांचे वाचन सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या सातव्या खंडात दिले व राहिलेले काही लेख माधोस्वरूप वत्स यांनी अठराव्या खंडात प्रसिद्ध केले. ह्या दात्यांत वैजयंतीचा, म्हणजे वनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल आहे, सोपाऱ्याचा भिक्षू आहे. परंतु सर्वांत अधिक वेळा जे गाव येते ते धेनुकाकट होय. दहाहून अधिक लेखांत ते आढळते. तेथील गांधी सिंहदत्त, तेथील सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, आणि तेथील अनेक 'यवन' ह्यांनी कार्ल्यास दाने दिली. यवनांची नावे मात्र सिहधय, यसवधन अशी, म्हणजे सिंहध्वज, यशोवर्धन ह्यांसारखी, इकडचीच आहेत. हे गाव कोठले? काही विद्वानांनी ते आंध्रातील धान्यकटक, म्हणजे अमरावतीजवळचे धरणीकोट, मानले. कोसंबींनी ते कार्ल्याच्या आसपासच शोधले पाहिजे असे प्रतिपादिले. इतकेच नव्हे, तर ती ग्रीक व्यापाऱ्यांची वसाहत होती, व बंदरांहून घाट चढून येणाऱ्या व्यापारी मार्गावर ही लेणी व ही वसाहत परस्परांच्या आधाराने उभी होती, असे चित्र त्यांनी रेखाटले.

आम्ही स्वतः पुष्कळ वर्षे धान्यकटकाच्या पक्षाचे होतो, हे येथेच कबूल करणे बरे. कारण विचाराल तर दोन सांगता येतील. एक, नावांतील साम्य कानास गोड लागत असे. दुसरे, कोसंबींचे मत स्वीकारले म्हणजे त्यांचे बाकीचे सर्वच स्वीकारावे लागेल अशी भीती वाटे. पहिले कारण तपासून पाहिल्यावर गळून पडले. धान्यकटकाचे नाव अमरावतीच्या प्राकृत लेखांत येते ते 'धञ्ञ' ह्या रूपाने, आणि धान्यशब्दाचे प्राकृत रूप असेच व्हावयास पाहिजे. त्यापासून 'धेनुका' होण्यास कोणताही वर्णनियम साह्य करीत नाही. जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्यास हे पहिल्याच दिवशी दिसावयास हवे होते. दिसले नाही, कारण पाहण्याची इच्छा नव्हती.

राहिला अंतराचा मुद्दा. धरणीकोट मावळापासून सातशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. इतक्या लांबून इतके दाते कसे येतील, असे कोसंबींच्या बाजूने विचारले जाते. हा मुद्दा दिसतो तितका बळकट नाही. वनवासी काही जवळ नव्हे, तरी तेथील श्रेष्ठी भूतपालाने कार्ल्याचे काम पुरे केल्याचे त्याचाच लेख सांगतो. व्यापारी दूरचा असू शकतो. कुशल सुतारासही दुरून बोलावून आणता येते. मग निर्णय कशाने करावा? आमच्या मते तो कार्ल्यास होत नाही, शेलारवाडीस होतो. तळेगावच्या अलीकडे घोरावडेश्वराच्या डोंगरावर जी लेणी आहेत, तेथील एका लेखात लेणे दान करणारी स्त्री सियागुतनिका ही धेनुकाकटात राहणाऱ्या उसभणक नामक कुटुंबिकाची, म्हणजे गृहस्थाची, पत्नी असून तिचा पुत्र नंद ह्याचाही तीत सहभाग आहे. ह्या उसभणकास 'हलकिय' असे विशेषण आहे. हलकिय म्हणजे नांगरधारी, शेतकरी, हा अर्थ सामान्यतः मान्य आहे. आता विचार करावा. श्रेष्ठी देशोदेशी फिरेल, कारागीर कामामागे जाईल. परंतु नांगराचा धनी आपल्या बैलबारदान्यापासून सातशे किलोमीटर दूर जाऊन, आपल्या बायकामुलांच्या नावे मावळातल्या एका आडवळणाच्या डोंगरात लेणे कोरवील, हे संभवत नाही. तो जवळचाच असला पाहिजे. आणि तो जवळचा, तर त्याचे गावही जवळचे. आमचे मत बदलले ते ह्या एका नांगरवाल्यामुळे.

येथे साहजिकच शंका येईल, की शेलारवाडीचा लेख पूर्वीपासून छापलेला असता आम्हांस तो पटण्यास इतका काळ का लागला? दोष आमचा होताच. त्याविषयी पुढे बोलू. परंतु प्रतिपादनाच्या रीतीचाही त्यात वाटा आहे, आणि हेच ह्या लेखाचे प्रयोजन.

कोसंबींच्या प्रतिपादनात तीन निरनिराळ्या वजनांची विधाने एकाच दमात येतात. धेनुकाकटाच्या यवन म्हणविणाऱ्या दात्यांनी खांब दिले, हे पहिले. हे दगडावर लिहिलेले आहे, त्यास वाद नाही. ते गाव मावळातले, हे दुसरे. हे अनुमान आहे, पण सबळ आहे. ती ग्रीकांची वसाहत होती, हे तिसरे. हा तर्क आहे. कार्ल्यातच अबुलामा येथील हरफरण, सेतफरणाचा पुत्र, ह्याचा लेख आहे; त्याच्या नावावरून तो बाहेरचा हे ऐकताच कळते. यवनांची नावे तशी नाहीत, म्हणून 'यवन' शब्दाचा तेथे नेमका अर्थ काय, हा प्रश्न मोकळा राहतो. ज्यास तिसरे विधान पटत नाही तो वाचक पहिली दोनही टाकून देतो, असा मनुष्यस्वभाव आहे. गाठोड्यात एक नाणे खोटे निघाले की सराफ सगळेच गाठोडे परत करतो. ती नाणी वेगवेगळी मोजून द्यावयाची असतात. कोसंबींनी ती तशी मोजून दिली नाहीत.

दुसरी गोष्ट लेखणीची. कोसंबी हे गणिताचे पंडित, कष्टाळू, आणि पायी हिंडून दगड गोळा करणारे संशोधक होते. खोलीत बसून लिहिणाऱ्यांविषयी त्यांच्या मनात तुच्छता होती व ती ते लपवीत नसत. ती पुष्कळदा रास्तही होती. परंतु ज्यास पटवावयाचे त्यासच आधी अडाणी ठरविले, म्हणजे तो मनुष्य विषयाचा विचार सोडून आपल्या अब्रूच्या रक्षणास लागतो. आम्ही लागलो होतो.

तिसरी गोष्ट क्रमाची, आणि ही फारशी कोणी लक्षात घेतलेली आमच्या पाहण्यात नाही. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' ह्या ग्रंथात पाच प्रकरणे आहेत. पहिले गीतेच्या सामाजिक व आर्थिक बाजूविषयी आहे. तिसरे चव्हाट्यावरच्या मातृदेवतांविषयी. ह्या तिसऱ्या प्रकरणाचा आरंभ मृच्छकटिकाने होतो. पहिल्या अंकात चारुदत्त आपल्या मित्रास चतुष्पथावर मातृकांना बळी ठेवण्यास सांगतो, आणि मैत्रेय टाळाटाळ करतो, हा प्रसंग संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाने वाचलेला असतो. कोसंबी विचारतात, मातृकांना बळी चव्हाट्यावरच का? येथून ते वाचकास गावाबाहेरच्या वाटांवर, जुन्या पशुपालांच्या व व्यापाऱ्यांच्या मार्गांवर, आणि मार्गाकाठच्या देवींच्या ठाण्यांवर घेऊन जातात. वेडशाच्या विहारात यमाई कां, कार्ल्याच्या चैत्याच्या दारात एकवीरा कां, हे प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभे राहतात. आपण कोठे नेले जात आहो हे कळण्यापूर्वीच तो निम्मी वाट चाललेला असतो. पटविण्याचा ह्याहून चांगला नमुना आमच्या वाचनात थोडाच असेल. परंतु हे प्रकरण तिसरे आहे! पुण्याकडचा पांढरपेशा वाचक पहिल्याच प्रकरणात गीतेवरची टीका पाहून पुस्तक मिटतो आणि चारुदत्तापर्यंत पोचतच नाही. आम्हीही प्रथम मिटलेच होते. ग्रंथकाराने हा क्रम फिरविला असता, तर त्याचे कित्येक शत्रू त्याचे सोबती झाले असते.

आपल्या शास्त्रकारांनी ह्या बाबतीत जे सांगून ठेवले आहे त्याचे येथे स्मरण होते. न्यायसूत्रांत वाद, जल्प व वितंडा असे कथेचे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्व जाणण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचा पाडणे ती वितंडा. चरकाने विमानस्थानात संधाय संभाषा व विगृह्य संभाषा, म्हणजे जुळवून घेऊन केलेली व भांडून केलेली चर्चा, असे दोन भेद केले आहेत. परंतु ह्यांहूनही उपयोगी आहे ती न्यायसूत्रांतील दृष्टांताची व्याख्या. जेथे सामान्य लोक व परीक्षक ह्या दोघांची बुद्धी सारखीच होते, तो दृष्टांत. अनुमानाचा सारा डोलारा ह्या एका खांबावर उभा आहे. नवे मत मांडणाऱ्याने आधी असे ठिकाण शोधावे की जेथे तो व त्याचा श्रोता निर्विवाद एकत्र उभे राहू शकतील. आणि मग पाऊल टाकावे. चारुदत्ताचा बळी हा दृष्टांत होता. गीतेचे अर्थशास्त्र हा नव्हता.

हे तत्त्व आम्हांस पुस्तकात वाचून कळले नाही. कार्ल्याच्या पायथ्याशी एका वृद्ध गृहस्थाने शिकविले. पांडवांनी एका रात्रीत हे लेणे कोरले असे तो आमच्याबरोबरच्या मुलांस सांगत होता. आम्ही मास्तरकीच्या सवयीने म्हणालो, "बाबा, पांडवांचा इथं काही संबंध नाही." तो गप्प झाला व तोंड फिरवून बसला. थोड्या वेळाने, त्यास दुखविल्याचे वाईट वाटून, आम्ही त्यास लेण्याच्या दाराशी नेले आणि भिंतीवरचा लेख दाखविला. ह्यात मामाड येथील अमात्यास राजाने केलेली आज्ञा आहे. येथील लेखांत मामालाहार असे ह्या प्रांताचे नाव येते. मामाल म्हणजेच आजचे मावळ. येथील वलूरक लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंस करजिक नावाचे गाव लावून द्यावे, असा ह्या आज्ञेचा आशय आहे. त्याआधी नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात ह्यानेही तेच गाव दिल्याचा लेख तेथेच आहे. आम्ही हे सांगितले, तेव्हा म्हातारा एकदम वळला.

"म्हंजी गाव इनाम दिलं व्हय, गुरुजी?"

"हो, इनामच."

"आन् राज्य बदललं, तवा नव्या राजानं पुन्हा करून दिलं."

"तसंच."

त्याने मान डोलविली. सनद नव्या धन्याने पुन्हा करून द्यावी लागते, हे त्यास कोणी शिकवावयास नको होते. मग जरा विचार करून तो म्हणाला, "मग असं म्हणा, कोरलं पांडवांनी, आन् गाव लावून दिलं ह्या राजानं." मुले हसली, आम्हांस हसू आले नाही. आमच्या पहिल्या वाक्याने जे झाले नव्हते त्याच्या अर्ध्याहून अधिक काम ह्या इनामाने केले होते. पांडव उरले, परंतु भिंतीवरची अक्षरे ही देवाची खूण नसून राजाचा कागद आहे, हे त्यास कायमचे समजले. इनाम हा त्याचा व आमचा समान दृष्टांत होता.

कार्ल्याहून जवळच, लोणावळ्यातच, ह्या रीतीचा एक यशस्वी नमुना मावळाने पाहिला आहे. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, ह्यांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम आश्रम काढला व त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा करावयाची, हा विचार त्या काळी दोन्ही पक्षांस चमत्कारिक वाटणारा होता. इंग्रजी शिकलेल्यांस योग म्हणजे बैराग्यांची करामत वाटे, आणि साधकांस परीक्षा म्हणजे अश्रद्धा वाटे. कुवलयानंदांनी आरंभ मोक्षापासून केला नाही. बस्तीच्या क्रियेत पाणी वर कसे ओढले जाते, असा साधा प्रश्न त्यांनी घेतला. नौली करीत असता आतड्यातील दाब मोजला. तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली उतरतो असे दाखविले. आणि ह्या निर्वातास आपल्या गुरूचे, माधवदासांचे, नाव दिले. मापनाच्या नळीतील आकडा डॉक्टरास मान्य करावा लागला आणि गुरूचे नाव साधकास. शिवाय प्राणायामाने शरीरात प्राणवायू पुष्कळ अधिक शोषला जातो, ही समजूत त्यांच्या प्रयोगांस धरून नव्हती, तेव्हा तेही त्यांनी झाकून ठेवले नाही. आपल्याच पक्षास गैरसोयीचे असे जो स्वतः सांगतो, त्याच्या बाकीच्या विधानांस ऐकणारा अधिक कान देतो. कोसंबींच्या व कुवलयानंदांच्या विषयांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तथापि एकाचे मत वादात अडकून राहिले व दुसऱ्याचे पसरले, ह्याच्या अनेक कारणांपैकी रीत हे एक होय, असे आम्हांस वाटते.

आता आमच्या बाजूच्या दोषाविषयी. मत मांडणाऱ्याने गोड बोलावे, क्रम साधावा, हे सर्व खरे. परंतु ऐकणाऱ्यासही धर्म आहे. कोसंबींची भाषा तिखट म्हणून शेलारवाडीचा नांगरवाला खोटा ठरत नाही. आम्ही त्या डोंगरावरून आगगाडीने वर्षांनुवर्षे गेलो, परंतु लेख पाहण्यास चढलो नाही, ह्यात ग्रंथकाराचा काय अपराध? अप्रिय माणसाचे मत त्याच्यापासून सोडवून घेऊन, त्याचे नाव झाकून, केवळ पुराव्यावर तोलून पाहणे, ही सवय आपणांस पाहिजे. पूर्वपक्ष हा प्रतिपक्ष्याहूनही बळकट करून मांडावा व मगच त्याचे उत्तर द्यावे, ही आपल्या भाष्यकारांची शिस्त आपण संस्कृतच्या तासास शिकवितो आणि वाड्यावरच्या बैठकीत विसरतो. कोसंबी साम्यवादी होते, म्हणून आम्ही त्यांचे भूगोलाचे मत नाकारले. हा हेत्वाभास विद्यार्थ्याने केला असता तर आम्ही त्यास बाकावर उभा केला असता.

येथपर्यंतच्या विवेचनावरून जे कोणी नवा पाठ, नवी ओळख, अथवा रूढ समजुतीविरुद्ध जाणारा कागद प्रसिद्ध करू इच्छितात त्यांस चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, वाचकास ज्यात शंका नाही तेथून आरंभ करावा, आणि मूळ अक्षरांचा ठसा किंवा छायाचित्र समोर ठेवावे. दुसरी, लिहिलेले, अनुमानलेले व तर्कलेले ह्या तिहींची सरमिसळ होऊ देऊ नये. प्रत्येकाची किंमत वेगळी सांगावी. तिसरी, आपल्या मतास जे प्रतिकूल आहे ते दुसऱ्याने काढण्यापूर्वी आपणच सांगावे. चौथी, कोणता पुरावा मिळाला असता आपण मत सोडून देऊ, हे स्पष्ट लिहावे; ज्यास हे लिहिता येत नाही त्याने मत मांडलेच नाही, पक्ष धरला असे समजावे.

ही चौथी सूचना आम्ही स्वतःस लावून लेख पुरा करितो. धेनुकाकट मावळात होते असे आज आमचे मत आहे. 'हलकिय' हा शब्द शेतकरी अशा अर्थाने नसून दुसऱ्याच अर्थाने अन्य लेखांत निर्विवाद येतो असे कोणी दाखविले, अथवा आंध्रातील एखाद्या लेखात धेनुकाकट ह्याच रूपाने ते गाव सापडले, तर आम्ही हे मत मागे घेऊ. उलट, ते गाव येथेच असल्यास त्याच्या नावाचा काही अवशेष शिवारांच्या, माळांच्या, ओढ्यांच्या व पाणंदींच्या नावांत राहिला असण्याचा संभव आहे. अशी नावे छापील नकाशात येत नाहीत. ती असतात मावळातील जुन्या देशमुख-पाटील-कुलकर्ण्यांच्या रुमालांत, इनामपत्रांत, हद्दीच्या महजरांत व वहिवाटीच्या कैफियतींत. ज्या वाचकांच्या संग्रही कार्ले, वेडसे, भाजे, शेलारवाडी ह्यांच्या आसपासच्या गावांचे असे कागद असतील, त्यांनी त्यांतील चतुःसीमेच्या ओळी तेवढ्या उतरून आम्हांकडे धाडाव्या. मग त्या आमच्या मतास अनुकूल असोत वा प्रतिकूल, त्या जशाच्या तशा ह्याच पृष्ठांवर छापण्याची आम्ही संपादकांस विनंती करू.